जुळे झेंडे: ५० मीटर रायफलसाठी घरी बनवलेले विंड फ्लॅग

मुंबईत रायफल शूटिंगची सुरुवात बहुतेक जण १० मीटर एअर रायफलने करतात, तीही बंद हॉलमध्ये. तिथे वारा म्हणजे फार तर कोपऱ्यातला पंखा. पॉइंट टू-टू (०.२२ इंच नळीची) रायफल घेऊन ५० मीटरच्या उघड्या रेंजवर आलं, की पहिल्या आठवड्यातच कोडं पडतं. श्वास बरोबर, ट्रिगर बरोबर, साइट पिक्चर (साइटमधून दिसणारं चित्र) स्वच्छ, तरी गोळी टार्गेटवर उजवीकडे, आठाच्या वर्तुळात. मग साइट सरकवणारे क्लिक फिरवले जातात, आणि पुढची गोळी डावीकडे नवात. रायफल बिघडलेली नसते. दोन गोळ्यांच्या मधे वारा पडलेला असतो.

आकडे पाहिले की हे पटतं. स्टँडर्ड वेगाची पॉइंट टू-टूची गोळी नळीतून साधारण सेकंदाला ३३० मीटरने निघते. सेकंदाला १ मीटर, म्हणजे ताशी साडेतीन किलोमीटरचा आडवा वारा तिला ५० मीटरवर ५ ते ६ मिलिमीटर सरकवतो. टार्गेटवरच्या दहाच्या वर्तुळाचा व्यास १०.४ मिमी, आणि त्यापुढची प्रत्येक रिंग ८ मिमी रुंदीची. एवढा मंद वारा गालाला धड जाणवतही नाही. उदबत्तीचा धूर तेवढा कलतो. तो डोळ्यांना दिसावा म्हणून झेंडे.

झेंडा बनवणं अवघड नाही. एक १० मीटरवर आणि एक ३० मीटरवर लावायचा, असे दोन झेंडे सारखे बनवणं अवघड आहे. एक जड आणि एक हलका झाला, तर १० मीटरवर वारा कमी आणि ३० मीटरवर जास्त असं खोटंच चित्र दिसतं, आणि नवशिक्या त्यावर विश्वास ठेवून क्लिक देतो. म्हणून खाली मापं आणि वजनं जरा किरकिऱ्यासारखी दिली आहेत. झेंडा दिसायला बेंगरूळ झाला तरी चालेल, जोडीदारापेक्षा वेगळा वागलेला चालणार नाही.

आधी परवानगी

आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) नियमांनुसार होणाऱ्या स्पर्धेत शूटरने स्वतःचा वारादर्शक लावायला बंदी आहे. तिथे आयोजकांचेच झेंडे असतात. स्वतःच्या रायफलला दोरा किंवा पीस बांधणंही त्यातच आलं. त्यामुळे इथले झेंडे सरावासाठी, किंवा क्लबने आपल्या रेंजवर कायमचे लावावेत म्हणून. सरावातसुद्धा रेंज ऑफिसरला विचारल्याशिवाय लेनमध्ये काहीही ठेवायचं नाही. पुढे जायच्या आधी फायरिंग थांबल्याची घोषणा ऐकायची, सगळ्यांच्या रायफली रिकाम्या आणि बोल्ट उघडे असल्याची खात्री करायची, चेंबरमध्ये नारिंगी सेफ्टी फ्लॅग घालायचा, मग लाइन ओलांडायची. झेंडा पडला, पट्टी अडकली, काहीही झालं तरी सीरिज (गोळ्यांची फेरी) चालू असताना कुणी पुढे जात नाही.

दुसरी गोष्ट सामानाची. फायरिंग लाइनच्या पुढे ठेवायच्या वस्तूत जाड लोखंड, दगड, काँक्रीट नको. गोळी चुकून लागली तर ती उलटते किंवा तुकडे उडतात. म्हणून लोखंडी सळई आणि सिमेंट भरलेले डबे टाळायचे. पीव्हीसी, लाकूड, बांबू, वाळू यांत काम भागवायचं.

कापड: ३ ग्रॅमची पट्टी

आयएसएसएफचा नियम स्पष्ट आहे. ५० मीटर रेंजसाठी सुती कापडाची ५० मिमी रुंद, ४०० मिमी लांब पट्टी, आणि कापडाचं वजन चौरस मीटरला सुमारे १५० ग्रॅम. गुणाकार केला तर एका पट्टीचं वजन बरोबर ३ ग्रॅम येतं. सराव ज्यावर केला तेच स्पर्धेत दिसावं, म्हणून हेच माप धरा. सॅटिनची रिबन छान फडफडते, पण तिची सवय लागली की स्पर्धेतली सुती पट्टी मुकी वाटते.

मंगळदास मार्केटमध्ये जाऊन '१५० ग्रॅमचं कापड द्या' म्हटलं तर सगळेच दुकानदार त्या भाषेत बोलतील असं नाही. मांजरपाट मागा. पॉपलिन बहुधा हलकं निघतं, पडद्याचं केसमेंट बहुधा जड. दोन-तीन प्रकारचं पाव-पाव मीटर घ्या आणि घरी तपासा. ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा खिशातला काटा लागतो. तो नसेल तर ओळखीच्या सोनाराकडे दोन मिनिटांचं काम.

तपासायच्या आधी कापड धुवायलाच हवं. कोऱ्या मांजरपाटात खळ असते. रात्रभर पाण्यात भिजवा, साबणाने धुवा, वाळवा, इस्त्री करा. खळ गेली की वजन उतरतं आणि कापड मऊ पडतं. न धुता बनवलेली पट्टी पहिल्या पावसानंतर वेगळीच वागू लागते. धुतलेल्या कापडाचा १० सेंमी बाय १० सेंमी चौकोन कापून वजन करा. दीड ग्रॅम भरला की कापड बरोबर. १.४ ते १.६ चालेल.

कापताना उभ्या धाग्याच्या दिशेने कापा. शिंपी करतात तसं आधी एक धागा ओढून काढायचा, म्हणजे सरळ रेघ मिळते. थोडं जरी उरेब कापलं गेलं तरी पट्टी वाऱ्यात स्क्रूसारखी पिळते, आणि पिळलेली पट्टी उचलली जात नाही. माप ५० बाय ४१५ मिमी. वरचे १५ मिमी तारेभोवती दुमडायला. कापल्यावर पट्टी साधारण ३.१ ग्रॅम भरेल. चार-पाच पट्ट्या कापा, सगळ्यांचं वजन करा आणि ०.०५ ग्रॅमच्या आत जुळणारी जोडी निवडा. उरलेल्या फेकू नका, त्यांवर वजन लिहून ठेवा.

कडा शिवायच्या नाहीत. दुमडून टीप मारली की दोन्ही बाजूंना ताठ दोरी लावल्यासारखं होतं. झिगझॅग कात्रीने कापा, किंवा कडेचे दोन-तीन धागे काढून तशीच झालर ठेवा. नेलपॉलिश आणि डिंक यांनी कड कडक होते.

रंग पार्श्वभूमीच्या विरुद्ध हवा. मागे मातीचा किंवा हिरवा बंधारा असेल तर पांढरा आणि नारिंगी, पांढरी भिंत असेल तर लाल आणि गडद निळा. दुरंगी पट्टी नियमात बसते, आणि खालचा अर्धा भाग वेगळ्या रंगाचा असला की किती उचलली आहे ते एका नजरेत कळतं. दोन कापडं जोडू नका, जोडाची शिवण गुडघ्यासारखी मोडते. फॅब्रिक पेंटही नको, त्याचा थर वजन वाढवतो. साधा कापड रंगवायचा रंग गरम पाण्यात मीठ घालून करा, दोन्ही पट्ट्यांची खालची २० सेंमी एकाच भांड्यात एकाच वेळी बुडवा, नंतर पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा.

त्रिकोण आणि टोक: झेंड्याचा जीव इथे आहे

नुसत्या खिळ्याला पट्टी बांधली तर वाऱ्याची दिशा बदलल्यावर ती दांड्याला गुंडाळली जाते. म्हणून वरचा भाग वाऱ्याबरोबर फिरता हवा, आणि तो ३ ग्रॅमच्या पट्टीच्या ताकदीने फिरायला हवा. बेअरिंग लावायचा मोह सगळ्यांनाच होतो. नागदेवी स्ट्रीटवर मोजून हवा तो बेअरिंग मिळतो खरा, पण त्यात घट्ट ग्रीस असतं आणि मंद वाऱ्यात तो हलतच नाही. टोकावर तोललेली टोपी त्यापेक्षा कितीतरी हलकी फिरते, कंपासच्या सुईसारखी.

एका झेंड्याला लागतं ते असं: सायकलचा २ मिमी जाडीचा स्पोक, ४ मिमी बाहेरच्या आणि ३ मिमी आतल्या मापाची ४० मिमी लांब पितळी नळी, ५ मिमीचा एक डोम नट (एका बाजूने बंद, घुमटासारखा), १८ गेजची ३०० मिमी जीआय तार, गळाला लावायचे शिशाचे तीन-चार बारीक मणी, आणि अरल्डाइट.

१. स्पोकचा आट्याचा भाग आणि वाकडं डोकं कापून १२० मिमीचा सरळ तुकडा घ्या. एक टोक कानशीने शंकूसारखं करा, मग अगदी बारीक पॉलिश पेपरवर दोन-चार वेळा फिरवून टोकाची धार बोथट करा. सुईसारखं टोक डोम नटच्या आत खड्डा पाडतं आणि महिनाभरात अडकायला लागतं. स्वच्छ, किंचित गोल टोक हवं.

२. ४ मिमीची नळी ५ मिमीच्या डोम नटमध्ये हाताने दाबून बसते, हीच टोपी. चारेक मिलिमीटर आत जाऊ द्या. अरल्डाइट बाहेरून सांध्याभोवती लावा. आत ओघळलं तर टोपी गेलीच समजा. उभी न ठेवता आडवी ठेवून सुकवा, रात्रभर.

३. तारेचा मध्य शोधा. मध्यापासून दोन्हीकडे २६ मिमीवर वाकवून ५२ मिमीचा पाया करा, मग दोन्ही बाजू ४८-४८ मिमी पुढे आणून एकत्र मिळवा. कपड्याच्या हँगरसारखा त्रिकोण तयार होतो, पायापासून टोकापर्यंत ४० मिमी उंचीचा. उरलेली दोन टोकं नळीच्या खालच्या भागाला प्रत्येकी एक वेढा घालून पलीकडे न्या आणि एकमेकांत पिळून शेपटी करा. वेढ्यांवर अरल्डाइटचा थेंब.

४. पट्टीचा वरचा १५ मिमी भाग त्रिकोणाच्या पायावरून दुमडून हाताने सहा-सात टाके घाला. घडी तारेवर सैल फिरायला हवी, दोरीवरच्या कपड्यासारखी. तारेला चिकटवली तर पट्टी वरच्या इंचात वाकतच नाही.

५. शेपटीत शिशाचे मणी ओवून पुढेमागे सरकवा. टोपी स्पोकवर ठेवल्यावर त्रिकोण आणि शेपटी एका पातळीत राहिली की तोल साधला. मग मणी पकडीने दाबून पक्के करा.

त्रिकोण का, सरळ दांडी का नाही? पट्टीचा रुंद चेहरा वाऱ्याला सामोरा यायला हवा. सरळ दांडीच्या लांबीवर पट्टी टांगली, तर दांडी वाऱ्याच्या दिशेत वळते आणि पट्टीची कड वाऱ्याला लागते. ती नुसती थरथरते, उचलली जात नाही. आडव्या पायामुळे त्रिकोण वारा जातो त्या दिशेला वळतो आणि पट्टी पाठीवर वारा घेऊन वर येते.

तोलाची खरी परीक्षा बंद खोलीत, पंखा बंद करून. टोपी स्पोकवर ठेवा आणि स्पोक थोडा तिरका धरा. त्रिकोण दर वेळी उताराकडे घसरत असेल तर पट्टीची बाजू जड आहे, शेपटी उताराकडे येत असेल तर मणी जास्त झाले. रेंजची जमीन कधीच पूर्ण सपाट नसते, आणि तोल न साधलेला झेंडा मंद वाऱ्यात वाऱ्याऐवजी जमिनीचा उतार दाखवतो.

टोकाला तेल घालू नका. तेलावर धूळ बसते आणि दोन दिवसांत चिखल होतो. कोरडं, स्वच्छ, बस्स.

दांडा आणि पाया

दांड्याला वायरिंगचा पीव्हीसी पाइप उत्तम. लोहार चाळीत किंवा कोणत्याही इलेक्ट्रिकलच्या दुकानात ३ मीटरची लांबी मिळते. दोन झेंड्यांना २० मिमीच्या दोन लांब्या आणि २५ मिमीची एक पुरते. २५ मिमीचे ४५ सेंमीचे दोन तुकडे म्हणजे खालचं म्यान. २० मिमीचे प्रत्येकी ५० सेंमी आणि ११५ सेंमीचे तुकडे, म्हणजे प्रोनसाठी (पोटावर झोपून) आखूड आणि उभ्यासाठी लांब. आतला पाइप खेळतो, म्हणून त्यावर इन्सुलेशन टेपचे दोन वेढे द्या. म्यानात वरून २ सेंमीवर आणि आतल्या पाइपला दर ५ सेंमीवर आरपार भोक पाडून बांबूची काडी घातली की हवी ती उंची मिळते. आतल्या पाइपच्या तोंडात लाकडाची खुंटी घट्ट ठोका, तिच्या मध्यात स्पोक ६ सेंमी आत बसवा. खुंटी चिकटवू नका, तीच आखूड पाइपातून लांब पाइपात हलवायची आहे.

पायाला ४० सेंमी लांबीच्या दोन लाकडी पट्ट्यांची फुली, मध्यात भोक पाडून म्यान त्यात बसवायचं, आणि फुलीच्या चारही हातांवर किलोकिलोच्या वाळूच्या पिशव्या. मातीची रेंज असेल तर फुलीऐवजी बांबूची खुंटी पुरते. पण मुंबईत बऱ्याच ठिकाणी पुढची जमीन पेव्हरची किंवा कोब्याची असते, तिथे फुलीला पर्याय नाही.

जुळ्यांची परीक्षा

दोन्ही झेंडे तयार झाले की रेंजवर न्यायच्या आधी एकदा उघड्या मैदानात किंवा समुद्राकाठी न्या. एकमेकांपासून मीटरभर अंतरावर, वाऱ्याला आडव्या रेषेत, एकाच उंचीवर उभे करा. मोबाइल समोर ठेवून पाच मिनिटं व्हिडिओ घ्या. मग जागा बदलून पुन्हा पाच मिनिटं. जागा बदलल्यावरही तोच झेंडा जास्त उचलला जात असेल तर पट्ट्यांची अदलाबदल करा. दोष पट्टीबरोबर गेला तर वजनात किंवा कडेत आहे, दांड्यापाशी राहिला तर टोपीत आहे.

कोनाचाही अंदाज इथेच घ्यायचा. कागदावरच्या हिशेबाने ३ ग्रॅमची ही पट्टी सेकंदाला १ मीटर वाऱ्यात उभ्या रेषेपासून २५ अंशांच्या आसपास उचलली जाते, दीड मीटरला ४५ अंशांच्या थोडी पुढे आणि २ मीटरला ६० च्या वर. फडफडीमुळे प्रत्यक्षात आकडे हलतात, म्हणून हातातला वारामापक मिळाला तर झेंड्याच्या उंचीवर, जरा बाजूला धरून स्वतःचा तक्ता करा. टेबल फॅनसमोर तक्ता करू नका, पंख्याची हवा गरगरत येते. वारामापक नसेल तर झाडं बघा: पानं सळसळली आणि वारा तोंडाला लागला म्हणजे सेकंदाला दीड ते सव्वातीन मीटर, पानं आणि बारीक फांद्या सतत हलल्या म्हणजे त्याच्या पुढचा, साडेपाचपर्यंतचा.

यातून एक मर्यादाही दिसते. सेकंदाला ३ मीटरच्या पुढे पट्टी जवळजवळ आडवी होते आणि मग तीन काय, पाच काय, सारखीच दिसते. मोठ्या वाऱ्यात ती दिशा सांगते, वेग सांगत नाही. 'झेंड्याचा कोन भागिले चार म्हणजे ताशी मैल' हा नियम कुणीतरी सांगेलच. तो लांब पल्ल्याच्या रेंजवरच्या मोठ्या, जड झेंड्यांचा आहे, या पट्टीला लावू नका.

कुठे लावायचे

फायरिंग लाइनपासून १० मीटर आणि ३० मीटर. बाजूचं स्थान दोन लेनच्या मधल्या रेषेवर. नुकतीच नळीतून निघालेली गोळी थोडी जरी ढकलली गेली तरी तो तिरकेपणा उरलेलं सगळं अंतर वाढत जातो, म्हणून जवळच्या झेंड्याला जास्त मान द्या. शेवटच्या दहा मीटरात वाऱ्याने कितीही जोर केला तरी त्याला वेळच उरलेला नसतो.

लेनची रुंदी किमान १.२५ मीटर असते, म्हणजे मधली रेष गोळीच्या मार्गापासून साधारण ६२ सेंमीवर येते. आपल्या झेंड्याचा त्रिकोण ४ सेंमी आणि पट्टी ४०, म्हणजे पूर्ण आडवी झाली तरी ४४ सेंमीपर्यंतच पोचते. त्रिकोण लांब केला तर जोराच्या वाऱ्यात पट्टी कुणाच्या तरी नजरेसमोर नाचणार, म्हणून तो ४ सेंमीचाच ठेवा.

उंची अशी काढा. ५० मीटर रेंजवर टार्गेटचा मध्य फायरिंग पॉइंटच्या पातळीपासून ७५ सेंमीवर धरतात. प्रोनमध्ये नळीचं तोंड साधारण ३० सेंमीवर असतं. मग गोळी १० मीटरवर ३९ सेंमी आणि ३० मीटरवर ५७ सेंमी उंचीवरून जाते. पट्टीचा मध्य तिथे यावा म्हणून वरचं टोक त्याच्या २० सेंमी वर, म्हणजे ५९ आणि ७७ सेंमी. उभं राहून नळी १४५ सेंमीवर धरली तर गोळी १३१ आणि १०३ सेंमीवरून जाते, आणि टोकं १५१ आणि १२३ सेंमीवर हवीत. नीलिंग (गुडघ्यावर बसून) या दोन्हींच्या मधे कुठेतरी. आपल्या रेंजची टार्गेटची उंची टेपने मोजून हाच हिशेब पुन्हा करा. पाच सेंमीच्या फरकाने काही बिघडत नाही, पण प्रोन शूटरने छातीइतक्या उंचीवरचा झेंडा बघू नये. जमिनीलगत वारा मंदच असतो.

लावून झाल्यावर पोझिशन घेऊन साइटमधून बघा. टार्गेट अडत नसेल, शेजारच्याचंही अडत नसेल, आणि डोकं न उचलता दुसऱ्या डोळ्याच्या कडेला १० मीटरचा झेंडा दिसत असेल तर जागा बरोबर.

बाजूची भिंत, शेड, बॅफल (गोळ्या अडवणारे फलक) यांच्या अगदी मागे झेंडा ठेवू नका. भिंतीवरून उतरणारा वारा आतल्या बाजूला उलटा फिरतो आणि झेंडा चक्क विरुद्ध दिशा दाखवतो. पण एक सांभाळा. गोळीच्या मार्गातही तशीच उलटी हवा असेल तर झेंडा खोटं बोलत नाही. शंका आली तर उदबत्ती पेटवून त्या जागी धरा, अर्थात लाइन बंद असताना, आणि धूर दोन्ही ठिकाणी कुठे जातो ते बघा.

३०० मीटरसाठी लहान पट्टी ५० मीटरवर, आणि १०० व २०० मीटरवर २०० बाय ७५० मिमीचे मोठे झेंडे लागतात. त्यांचं प्रत्येकी वजन साडेबावीस ग्रॅम, त्यांना इथला स्पोक पुरणार नाही.

मुंबईचा वारा

पावसाळा सोडला तर इथला वारा दिवसातून दोनदा तोंड फिरवतो. सकाळी जमिनीकडून, पूर्वेच्या बाजूने मंद वारा असतो. दुपारकडे तो पडतो, आणि मग समुद्राकडून पश्चिमेचा खारा वारा सुरू होऊन संध्याकाळपर्यंत टिकतो. मधला पडलेला तास सगळ्यात फसवा. झेंडे लोंबतात, माणूस खूश होतो, आणि तेवढ्यात ३० मीटरचा झेंडा पश्चिमेकडून हलतो पण १० मीटरचा अजून झोपलेला असतो. त्या तासात रेकॉर्डच्या (गुणांत धरायच्या) गोळ्या मारू नका, नुसतं बघत बसा.

सूर्य पाठीशी राहावा म्हणून रेंज उत्तरेकडे तोंड करून असेल, तर दुपारचा पश्चिमेचा वारा डावीकडून येतो. नेहमीच्या उजव्या पिळाच्या (गोळीला उजवीकडे फिरवणाऱ्या) नळीत डावीकडचा वारा गोळीला उजवीकडे आणि किंचित खाली नेतो, उजवीकडचा वारा डावीकडे आणि किंचित वर. म्हणजे घड्याळातले चार आणि दहा. गोळी खाली गेली म्हणून श्वासाला दोष द्यायच्या आधी झेंडा आठवा. सरळ आडवा वारा पूर्ण धरायचा, गोळीच्या रेषेशी ४५ अंशांतून आलेला सुमारे सत्तर टक्के, ३० अंशांतून आलेला निम्मा.

नवशिक्याने प्रत्येक झुळुकीला क्लिक देण्याच्या फंदात पडू नये. पाच मिनिटं झेंडे बघा, सगळ्यात जास्त वेळा येणारी स्थिती हेरा, तिच्यातच साइट जुळवा (झिरो करा), आणि ती परत आली की गोळी सोडा. दोन्ही झेंडे त्या स्थितीत असतील तेव्हाच. तेजस्विनी सावंतने २०१० साली म्युनिकला ज्या ५० मीटर प्रोनमध्ये जागतिक सुवर्ण जिंकलं, त्या प्रकारात पोझिशन सगळ्यात स्थिर असते, म्हणूनच वाऱ्याची चूक टार्गेटवर सगळ्यात ठळक उमटते. झेंडे वाचायला प्रोननेच सुरुवात करा.

झेंडा आडवा होण्याइतक्या वाऱ्यात वेगाचा अंदाज हवा असेल, तर जत्रेतल्या भिरभिऱ्यासारखं एक भिरभिरं पातळ सनबोर्डचं करून सरावापुरतं शेजारी लावता येतं. फिरण्याची गती वाढली की वारा वाढला, इतकंच वाचायचं. त्याची नादिष्टपणे सजावट करणारे लोक असतात, गोळ्या मात्र तशाच जातात.

बिघडतं ते असं

झेंडा एकाच दिशेला अडून राहतो: टोपी उलटून बघा, नळीत तारेचा बुरा किंवा अरल्डाइटचा कण असतो. नाहीतर टोकाला गंज. मुंबईत साधा स्पोक एका पावसाळ्यात गंजतो, स्टेनलेसचा मिळाला तर तोच घ्या.

पट्टी दिवसेंदिवस आळशी होते: खारी हवा. सुती कापडात मीठ बसतं, मीठ ओलावा धरतं, आणि पट्टी वाळल्यासारखी वाटली तरी जड राहते. महिन्यातून एकदा गोड्या पाण्यात खळबळून वाळवा आणि पुन्हा वजन करा. पावसाळ्यात कोरड्या पट्टीची दुसरी जोडी झिपच्या पिशवीत, सिलिका जेलच्या पुड्यांसकट ठेवा. एक पट्टी भिजली की दोन्ही बदला, एकच बदलली की जोडी मोडली.

झुळूक नसतानाही पट्टी दांड्याला चिकटते: बहुधा पीव्हीसीवरचा स्थिर विजेचा खेळ, कोरड्या जानेवारीत. पाइप ओल्या फडक्याने पुसला की सुटतं.

घरी नेताना टोपी स्पोकवरून काढून वेगळ्या डब्यात ठेवा, आणि स्पोकच्या टोकावर खोडरबराचा तुकडा खोचा, टोकही वाचतं आणि हातही. पट्टी घडी घालून ठेवू नका. घडीची मोड गुडघ्यासारखी राहते आणि पट्टी तिथूनच वाकते. रिकाम्या टिश्यू रोलच्या पुठ्ठ्यावर सैल गुंडाळा, आणि पुठ्ठ्यावर पेनाने वजन, तारीख आणि जोडीचा नंबर लिहा.